ड्रॉप शॉट : कूलरच्या टाकीत सराव चालेल का?

माजी_ओव्हरसियर | १४ एप्रिल, सकाळी ६:५०

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या मनीषनगरात राहतो. पाटबंधाऱ्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मे संपता संपता लेकीकडे डॅलसला चाललो आहे, तीन-साडेतीन महिन्यांसाठी. जावईबापू मासे धरायचे शौकीन. मागच्या खेपेला त्यांच्यासोबत तीन वेळा तळ्यावर गेलो. तिन्ही वेळा त्यांना बास, म्हणजे तिकडचा गोड्या पाण्यातला मासा, लागला आणि मला शेवाळ. वरून नातू, वय वर्षं नऊ, मला म्हणतो, "आबा, तुम्ही फार ओढता." तो शब्द तेव्हापासून डोक्यात बसला आहे.

जावईबापू फोनवर म्हणाले, उन्हाळ्यात बास खोल पाण्यात जाऊन बसतो, भक्ष्याच्या मागे धावत नाही, तेव्हा ड्रॉप शॉट नावाचा प्रकार चालतो. दोराच्या टोकाला शिसं, त्याच्या हातभर वर गळ, गळाला रबराचं गांडूळ. शिसं तळाला टेकलेलं आणि गळ अधांतरी. ऐकल्याबरोबर मला गवंड्याचा ओळंबा आठवला. जन्म गेला ओळंबा धरून उभ्या भिंती तपासण्यात, तेव्हा हे जमायला हवं.

गाठ कशी बांधायची ते कोणी मराठीत नीट सांगेल का? दुसरं म्हणजे सराव कुठे करू? बास आपल्याकडे नाही हे माहीत आहे. सध्या घरच्या कूलरची टाकी तेवढी हाताशी आहे, फूटभर पाण्याची.

गोकुळपेठ_कट्टा | १४ एप्रिल, सकाळी ७:२२

काका, कूलरच्या टाकीत बास नाही, डासाच्या अळ्या लागतील. त्या मात्र भरपूर. काकूंना विचारलं का?

ऑस्टिनचा_पोट्टा | १४ एप्रिल, सकाळी ९:०५

काका, नमस्कार. मी मूळचा सक्करदऱ्याचा, अकरा वर्षं झाली ऑस्टिनात. शनिवार-रविवार पाण्यावरच असतो, म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

ओळंब्याचं चित्र अर्धं बरोबर आहे. ओळंबा हलायचा थांबला की तुमचं काम होते. इथं शिसं थांबलं की काम सुरू होते.

आधी गाठ. तिचं नाव पालोमर. दोराचं टोक दुमडून दुपदरी करा आणि ती दुपदरी घडी गळाच्या नेढ्यातून ओवा. टोकाकडचा दोर चांगला दोन-अडीच फूट शिल्लक ठेवा, इथंच सगळे चुकतात. आता त्या घडीची साधी गाठ मारा, नाडीला पहिली मारतो तशी, पण सैल. मग घडीचा फास मोठा करून अख्खा गळ त्याच्यातून पलीकडे काढा. फास नेढ्याच्या मागे नीट बसला की गाठीला थुंकी लावा आणि हळूहळू आवळा. थुंकी लावायला लाजू नका. कोरडी गाठ आवळली तर घासून गरम होते आणि दोर तिथंच कच्चा पडते. दोन पदर एकमेकांवर चढले असतील तर सोडा आणि परत बांधा.

आता खरी गंमत. गळाचं टोक आभाळाकडे करा. शिल्लक ठेवलेला दोर वरच्या बाजूने, म्हणजे ज्या बाजूला टोक आहे तिकडून, नेढ्यातून पुन्हा खाली ओवा. दोन्हीकडून दोर ताणला की गळ दोराला काटकोनात उभा राहते, भिंतीतल्या खुंटीसारखा. हे केलं नाही तर गळ दोराला चिकटून लोंबते, मासा तोंड लावते पण टोक रुतत नाही. खालच्या टोकाला शिसं.

शिशाचं वजन खोली बघून. दहा फुटांच्या आत ३-४ ग्रॅम पुरते, दहा ते वीस फुटांत ७ ग्रॅम, त्याखाली किंवा वारा असेल तर १० ग्रॅम. गळ बारीक तारेचा, १ किंवा २ नंबर. दोर पातळ, ६ ते ८ पौंडी (तेवढी ओढ पेलणारा) फ्लुरोकार्बन, म्हणजे पाण्यात कमी दिसणारा प्लास्टिकचा दोर. मी रिळावर १० पौंडी वेणीचा दोर भरतो आणि पुढे दहा-बारा फूट फ्लुरोकार्बन जोडतो. जोडावर छोटा स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी कडी, घातला तर दोराला पीळ कमी पडते. ड्रॉप शॉटमध्ये पीळ फार पडते, रबराचं गांडूळ वर ओढताना भिंगरीसारखं फिरते ना. काठी सात फुटी, स्पिनिंगची, शेंड्याला मऊ.

आणि नातू बरोबर बोलून राहिला. बहुतेक लोक शिसंच हलवतात. शिसं हलवायचं नाही. शिसं टेकल्यावर दोर किंचित ढिला सोडा आणि तो ढिलेपणाच थरथरवा. काठीचा शेंडा इंच-दोन इंच हलला पाहिजे, बास. गांडूळ जागच्या जागी थरथरते, एका जागी अडकलेला छोटा मासा धडपडते तसं. चार-पाच सेकंद थरथरवा, मग दहा सेकंद काहीच करू नका. बहुतेक वेळा तो त्या 'काहीच नाही'मध्येच घेते.

अंबाझरी_सकाळ | १४ एप्रिल, रात्री ८:४०

पोट्ट्या, झकास लिहिलं. काका, आपल्याकडच्या सरावाचं मी सांगतो. मी दर रविवारी मरळीच्या मागे असतो, रबरी बेडूक घेऊन. मरळीवर ड्रॉप शॉट करू नका, फुकट जाईल. मरळ हवेत श्वास घेते, तिला दर थोड्या वेळाने वर यावंच लागते. म्हणून ती उथळ पाण्यात, बेशरमाच्या बुडाशी, जलकुंभीच्या कडेला बसते. तुमचं शिसं तिथं दुसऱ्या मिनिटाला गुंतेल.

तुम्हाला पाहिजे तिलापिया. तळाजवळ असते, तोंड लहान, ओढ हलकी आणि खोडकर. तिची ओढ कळायला लागली की बासाची झोपेत कळेल. रबर वगैरे सोडा, खरं गांडूळ लावा. आपलं पाणी गढूळ असते, माशाला दिसण्याआधी वास लागला पाहिजे. रूपचंद लागला तर गळ कापून नेईल, त्याचे दात माणसासारखे असतात, घाबरू नका.

जागा विचाराल तर शहरातल्या तलावांच्या वाटेला जाऊ नका, गर्दी आणि कटकट. हिंगण्याकडे मोहगाव झिल्पीला सकाळी सकाळी जा. पण बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, काठावर जो कोणी असेल त्याला विचारून, जे काय द्यायचं ते देऊनच बसा. आणि तोतलाडोहाचा विचार मनातही आणू नका, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येते, तिथं मासेमारीला बंदी आहे.

वैनगंगाकाठ | १४ एप्रिल, रात्री १०:१५

मी पवनीकडचा, ढिवराच्या घरचा. सगळं वाचलं. राग नका मानू, पण यात नवीन काय आहे? खाली शिसं आणि वर गळ हे माझा आजा करत होता. तो तर एकाच दोराला तीन गळ लावे, वेगवेगळ्या उंचीवर. वरच्याला पोठी लागे, मधल्याला काही लागे, तळच्याला शिंगाळा. त्याला कोणी ड्रॉप शॉट म्हटलं नाही आणि कोणी सात फुटी काठी विकली नाही.

गोकुळपेठ_कट्टा | १४ एप्रिल, रात्री १०:१९

आज्याचं पेटंट राहून गेलं बे.

ऑस्टिनचा_पोट्टा | १५ एप्रिल, सकाळी ८:३०

वैनगंगाकाठ भाऊ, राग कशाचा, तुमचं खरंच आहे. तळाला शिसं आणि वर गळ ही मांडणी जगभर जुनी आहे, समुद्रावरचे लोक तर कधीपासूनच करतात. ड्रॉप शॉट या रूपात ती जपानातल्या बासवाल्यांनी घडवली. तिथल्या तळ्यांवर इतके लोक गळ टाकत की मासे शहाणे झालेले, मोठ्या आमिषाकडे ढुंकूनही बघत नसत. मग दोर पातळ, गळ बारीक, आमिष बोटाएवढं आणि हालचाल जवळजवळ नाहीच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे अमेरिकेत आलं.

फरक कुठं आहे सांगतो. तुमच्या आजोबांचे गळ बहुतेक वेगळ्या छोट्या दोऱ्यांवर, मुख्य दोराच्या बाजूला लोंबत असतील. बरोबर? आणि आमिष खरं, म्हणजे मासा वासावर यायचा, दोर खुंटीला बांधून माणूस विडी ओढू शकायचा. ड्रॉप शॉटमध्ये गळ मुख्य दोरातच बांधलेला असते, मधे फांदी नाही. त्यामुळे शेंड्याचं थरथरणं थेट रबरात उतरते, आणि माशाने नुसतं तोंडात धरलं तरी हाताला कळते. रबराला वास जवळजवळ नसतो. जीव हातानेच घालावा लागते.

वैनगंगाकाठ | १५ एप्रिल, दुपारी १:०२

हां. फांदीवरच असत. आजा तिला 'पोर' म्हणे. मग ठीक आहे, थोडं नवीन आहे.

पण विडीचं तुम्हाला कसं कळलं?

माजी_ओव्हरसियर | १९ एप्रिल, सकाळी ७:१०

सगळ्यांचे आभार. प्रगतिपुस्तक देतो.

गाठ अकरा वेळा बांधली. नववी बरी आली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जवळचं दिसायला त्रास आहे, म्हणून आधी जाड सुतळी आणि पडद्याच्या कडीवर शिकलो, मग दोरावर. ही युक्ती इतर ज्येष्ठांनी वापरून बघावी. कडीत सुतळी ओवली की फास कुठून कुठे जातो ते स्पष्ट दिसतं.

दुसऱ्या दिवशी गाठ तपासायला गळ खिडकीच्या गजाला अडकवला आणि दोर ओढला. तट्‍कन तुटला. गाठीत नाही, मधेच. फ्लुरोकार्बन म्हणून ऑनलाइन मागवलेली रीळ होती, स्वस्तात मिळाली म्हणून खूश होतो. आता मला शंका यायला लागली आहे. हे खरं फ्लुरोकार्बन आहे की साधा तंगूस, हे घरी कसं ओळखायचं?

कूलरचा सरावही झाला. घास काढून टाकीत गळ सोडला, शेंडा हलवला, रबराचं गांडूळ थरथरताना डोळ्यांनी पाहिलं. एवढं जवळून पाहिल्यावर एक गोष्ट समजली. शेंडा दोन इंच हलवला की गांडूळ अर्धा इंचच हलतं, बाकीचं सगळं दोराचा झोळ खाऊन टाकतो. मी तळ्यावर हातभर हलवत होतो. सौ. बाहेर आल्या, पाहिलं आणि काही न बोलता आत गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात हे न बोलणं फार बोलकं असतं.

जलचर | १९ एप्रिल, सकाळी ११:४८

काका, मी प्राणिशास्त्र शिकवते, मासे हा आवडीचा विषय. दोराचं सोपं आहे. फ्लुरोकार्बनची घनता पाण्याच्या पावणेदोन पटीहून थोडी जास्त, साधारण १.७८. नायलॉनची १.१४. दोन्हीचे बोटभर तुकडे कापा, बादलीत पाण्याखाली दाबून धरा, म्हणजे वरचे बुडबुडे निघून जातील, आणि सोडा. फ्लुरोकार्बन सरळ खाली जाईल. नायलॉन रेंगाळत, आळसावत जाईल. तुलनेला घरातला पतंगाचा किंवा मण्यांचा नायलॉन घ्या.

आणि पाण्यात फ्लुरोकार्बन कमी दिसतो म्हणतात ते त्याचा अपवर्तनांक पाण्याच्या बऱ्यापैकी जवळ असतो म्हणून. अदृश्य वगैरे होत नाही.

माजी_ओव्हरसियर | १९ एप्रिल, दुपारी ४:३०

ताई, बादलीत दोन्ही सारखेच आळसावले. फसलो. जावईबापूंना तिकडून रीळ घेऊन ठेवायला सांगितली.

गोकुळपेठ_कट्टा | २० एप्रिल, रात्री ९:१४

एक आयडिया. काकांनी येताना पिशवीत दोन-चार बासाची पिल्लं आणावी, अंबाझरीत सोडू. मग अमेरिकेला जायचं कामच नाही. मस्करी करून राहिलो, पण खरंच, का नाही? मासा तर चांगला आहे ना?

जलचर | २० एप्रिल, रात्री १०:३६

मस्करीतही नको रे बाबा. हीच मस्करी कोणीतरी खरी करतो.

मोठ्या तोंडाचा बास, म्हणजे लार्जमाउथ, हा उत्तर अमेरिकेचा, सनफिश कुळातला. जपानात तो १९२५ साली आशी तळ्यात मुद्दाम आणून सोडला. पुढे लोकांनी गळाच्या हौसेपायी या तळ्यातून त्या तळ्यात नेला. बिवा तळ्यात तो इतका माजला की तिथले मूळचे छोटे मासे संपत चालले. २००५ मध्ये तिथल्या परकीय आक्रमक जातींच्या कायद्यात बासाचं नाव आलं, आता जिवंत बास इकडून तिकडे नेणंही गुन्हा आहे. ज्या देशाने ड्रॉप शॉट दिला, त्याच देशाची ही गोष्ट आहे. आणि गंमत बघा, जगातला सर्वांत वजनदार बास म्हणून १९३२ सालचा अमेरिकेतल्या जॉर्जियातला २२ पौंड ४ औंसांचा मासा होता, त्याची बरोबरी २००९ मध्ये झाली तीही याच बिवा तळ्यात. परका मासा घरच्यापेक्षा जास्त पोसला.

आपल्याकडे थाई मांगूर बंदी असूनही विकला जातो, तिलापियाने किती तलाव भरलेत ते अंबाझरी_सकाळ सांगतीलच. त्यात अजून एक नको. भंडारा-गोंदियाच्या तलावांतले गावठी मासे आधीच कमी होत चाललेत.

वैनगंगाकाठ | २० एप्रिल, रात्री ११:०१

ताई बरोबर आहे. आमच्याकडे बाहेरचं बीज टाकलं की पहिल्या वर्षी मासा दिसते, तिसऱ्या वर्षी गावचा मासा दिसत नाही. माय म्हणते, बाजारात मासा आहे पण चव नाही.

माजी_ओव्हरसियर | ३ मे, दुपारी १२:२०

झिल्पीला जाऊन आलो. सव्वापाचला पोचलो, नऊला उन्हाने पळवून लावलं. काठावरच्या गड्याला विचारलं, त्याने पैसे घेतले आणि "इतक्या बारीक दोराने काय धरता बापा" असं म्हणून चहाही पाजला.

पहिला तास शिसं अडकण्यात गेला. जावईबापूंनी कुरियरने पाठवलेली शिशं आहेत, लांबट, पेन्सिलच्या तुकड्यासारखी, वर तारेची चिमटी. त्या चिमटीत दोर नुसता खेचून बसवायचा, गाठ नाही. आधी वाटलं हे कच्चं काम आहे. मग दगडात अडकलं, ओढलं, आणि शिसं तेवढं चिमटीतून सुटलं. गळ, गांडूळ, गाठ सगळं परत आलं. तेव्हा कळलं की कच्चं मुद्दाम ठेवलेलं आहे. धरणाच्या दारांना असतो तसा हा 'आधी तुटायचा भाग'. फक्त शिशाच्या खाली दोराला एक छोटी गाठ मारली, नाहीतर नुसत्या फेकण्यातच शिसं उडून जातं. एक गेलंच तसं.

नंतर चार तिलापिया. ताकद अशी काहीच नव्हती, पण पहिल्या ओढीचा तो क्षण सांगतो. दोर थरथरवत होतो, शिसं तळाला आहे हे हाताला कळत होतं, टप, टप असं. मग एकदम ते टपटपणं नाहीसं झालं. ओढ नाही, झटका नाही. फक्त दोरात काहीतरी ओल्या फडक्यासारखं जड आलं. मी जुन्या सवयीने जोरात झटका मारला आणि गळ रिकामा परत आला. दुसऱ्या वेळी पण तेच.

ऑस्टिनचा_पोट्टा | ३ मे, रात्री ९:५०

काका!! ते ओलं फडकं म्हणजेच मासा. तुम्ही पास झाले.

झटका मारायचा नाही. दोर पातळ, गळ बारीक, टोक उघडं. फडकं जाणवलं की फक्त रीळ फिरवा, दोर ताणला गेला की काठी हळूच वर घ्या. गळ आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसते. झटका मारला तर एकतर दोर तुटते नाहीतर माशाच्या ओठातून गळ फाटून निघते. आणि रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोर सुटण्याचा ब्रेक, ढिला ठेवा, हाताने ओढला तर कुरकुरत सुटला पाहिजे.

इथली एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. गांडूळ दोन प्रकारे लावतात. मोकळं पाणी असेल तर गळ फक्त नाकात टोचायचा, गांडूळ पूर्ण मोकळं हलते. पाण्याखाली झाडं-झुडपं असतील तर गळाचं टोक रबरातच परत लपवायचं, थोडी हालचाल जाते पण अडकत नाही. टेक्सासच्या धरणांत पाणी भरताना कित्येक ठिकाणी झाडं उभीच सोडलेली आहेत, त्यामुळे दुसरा प्रकार लागेल.

उंचीचं पण. बासाचे डोळे वरच्या बाजूला असतात, तो वर बघून खाते. गळ त्याच्या नाकासमोर किंवा किंचित वर पाहिजे, खाली गेला तर त्याच्यासाठी तो नाहीच. शिसं-गळ अंतर एक फुटापासून सुरू करा, मासे वर दिसले तर वाढवा. आणि गळ-शिसं सगळं चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको. तिकडे पोचल्यावर परवाना काढा, बाहेरच्यांना पण लागते. नातवाला नाही, १७ वर्षांच्या आतल्यांना माफ आहे.

माजी_ओव्हरसियर | २१ जून, डॅलसहून, सकाळी ५:४०

मंडळी, पोचून तीन आठवडे झाले. इथं पण उन्हाळाच आहे, फक्त कूलर नाही.

काल जावईबापू बोटीतून घेऊन गेले. बोटीवर सोनार नावाचं आवाजाने तळ शोधणारं यंत्र आहे, पडद्यावर तळ रेघेसारखा दिसतो. साधारण बावीस फुटांवर एक धूसर पट्टा होता. मला वाटलं यंत्रात काहीतरी बिघाड आहे. जावईबापू म्हणाले, तो थर आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं गार आणि जड, दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या पाण्यातला प्राणवायू कुजण्यात संपून जातो, म्हणून मासे त्या पट्ट्याच्या खाली जात नाहीत. मी तीस वर्षं धरणांवर काढली, गाळ मोजला, गळती मोजली, पण पाण्याच्या आत असा मजला असतो हे ध्यानात आलं नव्हतं. वाचलं असेन, पाहिलं नव्हतं.

मग ठरलं की पट्ट्याच्या वरच, जिथं तळ सोळा-अठरा फुटांवर आहे, अशा उंचवट्याच्या कडेला टाकायचं. बोट उभी, दोर सरळ खाली. आता मात्र अगदी ओळंबा! शिसं टेकलं, झोळ दिला, थरथरवलं. मनात मोजत होतो, चार सेकंद हलवणं, दहा सेकंद थांबणं. तिसऱ्या थांबण्यात ओलं फडकं आलं. झटका मारला नाही. हात शिवशिवत होता, पण नातू मागे उभा होता आणि त्याची नजर माझ्या मनगटावर होती. रीळ फिरवली, काठी उचलली, आणि दोर बाजूला पळाला.

बास वर आला तेव्हा डोकं झटकत उडी मारली. हिरवट अंग, बाजूने काळा तुटक पट्टा, आणि तोंड एवढं मोठं की नातवाची मूठ आत जावी. पट्टी लावली. तेरा इंच. इथला सर्वसाधारण नियम चौदा इंचांचा, त्याखालचा सोडायचा. सोडला.

नातू म्हणाला, "आबा, आज ओढलं नाही."

अंबाझरी_सकाळ | २१ जून, सायंकाळी ६:०५

काका, वाचताना अंगावर काटा आला. इथं पाऊस सुरू झाला, मरळीची पिल्लं काठाला दिसायला लागली. लाल ठिपक्यांचा थवा आणि खाली आईबाप राखणीला. या दिवसांत मी काठी गुंडाळून ठेवतो.

जलचर | २१ जून, रात्री ९:३३

फार छान केलंत सोडला ते. एक सूचना: तीसएक फुटांपेक्षा खोलातून मासा पटकन वर आणला तर त्याची हवेची पिशवी फुगते, सोडल्यावर तो उलटा तरंगत राहतो. अठरा फुटांना सहसा त्रास होत नाही. खोलात करणार असाल तर ठेवायचाच मासा धरा, मोजून सोडायचा खेळ नको.

माजी_ओव्हरसियर | १४ जुलै, सकाळी ६:१५

दुसरा अहवाल. लेक फोर्कला जाऊन आलो, इथून पूर्वेला दीडेक तास. टेक्सासचा सर्वांत मोठा बास याच तळ्यातला, १९९२ च्या जानेवारीत धरलेला, १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलो. पाण्यात सगळीकडे वाळलेली झाडं उभी. पळसगाव बुडालं तर असं दिसेल. टोक रबरात लपवून टाकलं, तरी सात शिशं दिली त्या झाडांना.

सकाळी साडेसातला एक लागला. हा वेगळा होता. ओलं फडकं नव्हे, ओली सतरंजी. ड्रॅग कुरकुरत सुटला, मासा झाडाकडे पळाला, जावईबापू बोट मागे घेत होते, मी काठी आडवी धरून त्याला बाहेर काढत होतो. पाच-सहा मिनिटं लागली असतील, मला अर्धा तास वाटला. ६ पौंडी दोर टिकला, माझी पालोमर टिकली. पट्टी लावली: सतरा इंच.

सोडला.

इथल्या तळ्याचा नियम वेगळा आहे. सोळा ते चोवीस इंचांच्या मधला बास ठेवायचाच नाही. म्हणजे तिकडे तेराचा लहान म्हणून सोडला आणि इकडे सतराचा मोठा म्हणून. घरी आलो तर सौ. म्हणाल्या, "दोन्ही वेळा सोडलेच? मग आणलं काय?" मी फोटो दाखवला. त्यांनी फ्रीजरमधून बाजारातली तिलापिया काढली आणि सावजी मसाला घालून रस्सा केला. नागपूरहून आणलेला मसाला, डॅलसची तिलापिया. जावईबापूंच्या कानातून धूर निघाला.

वैनगंगाकाठ | १४ जुलै, दुपारी १२:४०

काका, मनातलं विचारतो. लहान सोडायचा समजलं. मधला का सोडायचा? आमच्याकडे मधलाच तर विकला जाते.

ऑस्टिनचा_पोट्टा | १५ जुलै, सकाळी ८:११

भाऊ, तिथं मोठे मासे तयार व्हावे म्हणून. सोळाच्या आतले ठेवू देतात, कारण लहान खूप झाले तर खाणं पुरत नाही आणि सगळेच खुरटे राहतात. मधले वाढीला लागलेले, अंडी घालणारे, त्यांना हात लावायचा नाही. चोवीसच्या वरचा दिवसाला एकच. रोपं विरळ करतो ना वावरात, तसंच.

वैनगंगाकाठ | १५ जुलै, दुपारी १:२०

विरळणी. हां, हे पटलं. संस्थेच्या मीटिंगमध्ये बोलून पाहतो, ऐकतील असं नाही.

काका, एक काम होते. ती चिमटीवाली शिशं येताना आणता का, दहा-बारा? वैनगंगेत दगड फार आहेत. आजाच्या पोरीला लावून बघतो.

माजी_ओव्हरसियर | १५ जुलै, सायंकाळी ५:५५

आणतो. ७ ग्रॅमची की १० ची?

वैनगंगाकाठ | १५ जुलै, सायंकाळी ६:०२

१० ची. पाणी ओढते तिथं.